शांघायच्या जाड नूडल्स, पोर्क आणि पालेभाजी घालून, घरच्या गॅसवर

चायनीज म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर काय येतं, लालभडक शेजवान, ढोबळी मिरची, गाजर, कोबी आणि टेबलावर व्हिनेगर, चिली सॉसच्या चिकट बाटल्या. मला ते आवडतं, गाडीवर उभं राहून खायला तर फारच, पण आज त्याबद्दल नाही बोलायचंय. ही डिश शांघायची आहे, तिकडच्या घरात आणि गल्लीतल्या छोट्या खानावळीत रोज होणारी. गव्हाच्या चांगल्या जाडजूड नूडल्स, डुकराच्या मटणाचे बारीक लांब काप, दोन मुठी हिरवी पालेभाजी आणि सगळ्याला गडद सोया सॉसचा तपकिरी रंग. झालं. तिखट नाही, गाजर नाही, लसूण असलाच तर नावाला. शांघायच्या जेवणाचा हातच तसा आहे, तेल सढळ, सोया गडद आणि त्याच्या जोडीला साखर. हे ऐकून आमच्या घरात एकाने "म्हणजे गुजराती चायनीज" असं जाहीर करून टाकलं, पण खाताना मात्र दोनदा वाढून घेतलं.

रेसिपी एवढीशी, तरी घरी केली की बऱ्याच जणांचा गिचका होतो आणि त्याचं कारण शंभरातल्या शंभर वेळा एकच असतं असं माझं ठाम मत आहे, ते म्हणजे पाणी. हॉटेलातल्या वॉकखालचा, म्हणजे चिनी कढईखालचा, बर्नर आपल्या मोठ्या शेगडीच्या कितीतरी पट जोरात जळतो, आपली शेगडी जेमतेम दोन-तीन किलोवॅटची आणि त्यांची वीसच्या पुढेच. त्यामुळे त्यांच्या वॉकमध्ये भाजीला सुटलेलं पाणी पडता पडता वाफ होऊन जातं. आपल्या कढईत ते तळाशी साठतं, आणि जोवर कढईत पाणी आहे तोवर तापमान १०० डिग्रीच्या वर फारसं सरकतच नाही, म्हणजे तुम्हाला वाटतं मी परततेय पण प्रत्यक्षात तुम्ही उकडत असता. गॅस काही आपण बदलू शकत नाही. पाणी मात्र आपल्या हातात आहे, त्यामुळे पुढे मी जे जे सांगतेय ते सगळं त्या एकाच गोष्टीसाठी आहे असं धरून चाला.

दोन माणसांचं प्रमाण देते. चारांसाठी सरळ दुप्पट घेऊन एकदम करू नका, दोनदा करा, का ते वर आलंच आहे.

शिजवलेल्या जाड नूडल्स ४०० ग्रॅम (उदोन या जाड जपानी नूडल्सची २०० ग्रॅमची दोन पाकिटं, किंवा सुक्या नूडल्स असतील तर १६०-१८० ग्रॅम)
पोर्क, हाडाशिवाय, १५० ग्रॅम
पालेभाजी २५० ग्रॅम
वाळलेले शिताके मशरूम ३-४, मिळाले तर
कांद्याची पात २ काड्या
तेल ३ मोठे चमचे, शेंगदाण्याचं रिफाइंड असेल तर उत्तम
सोया सॉस दोन प्रकारचे, साखर, कॉर्नफ्लॉवर, पांढरी मिरपूड

आधी नूडल्स. शांघायला ज्या वापरतात त्या ताज्या, अंड्याशिवायच्या, पांढऱ्या आणि जाड असतात. परदेशात असाल तर एशियन स्टोअरच्या फ्रिजमध्ये शांघाय नूडल्स म्हणूनच मिळतील, त्या पॅकेटवर लिहिल्याप्रमाणे उकळून घ्या. इकडे पुण्या-मुंबईत सगळ्यात जवळच्या म्हणजे जपानी उदोन, व्हॅक्यूम पॅकमध्ये मिळतात, मोठ्या सुपरमार्केटात किंवा ऑनलाइन. या आधीच शिजवलेल्या असतात, फक्त विटेसारख्या चिकटलेल्या असतात, आणि त्या तशाच कोरड्या हाताने सोडवायला गेलात तर तुकडे तुकडे होतात. उकळतं पाणी ओता, एक मिनिट थांबा, चॉपस्टिकने हलक्या हाताने मोकळ्या करा, लगेच निथळा.

उदोन नाही मिळाल्या तर साध्या हक्का नूडल्सही चालतात, बारीक होतात पण चव बिघडत नाही. पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एक मिनिट कमी उकळा. आणि तेही नसेल, घरात फक्त स्पॅगेटी असेल, तर एक युक्ती आहे. उकळत्या पाण्यात लिटरमागे एक चहाचा चमचा खायचा सोडा घाला आणि त्यात स्पॅगेटी शिजवा. सोड्यामुळे पाणी अल्कलाइन होतं, आणि चीनमधल्या पिवळ्या नूडल्समध्येही अल्कलीच घालतात, त्यामुळे स्पॅगेटीला तोच थोडा रबरी लवचिकपणा आणि वास येतो. भांडं मात्र मोठं घ्या, सोडा घातला की पाणी असं फसफसून वर येतं की शेगडी पुसत बसावं लागतं, आणि नंतर नूडल्स भरपूर पाण्याने धुवा म्हणजे सोड्याची चव राहणार नाही. दोन मिनिटवाल्या इन्स्टंट नूडल्स इथे नको, त्या आधी तळलेल्या असतात आणि या परतण्यात त्यांचा भुगा होतो.

कुठल्याही नूडल्स घ्या, शिजल्या की थंड पाण्याखाली धरून वरचा स्टार्च धुऊन काढा, चाळणीत नीट निथळा आणि मग, हे कुणी करत नाही, मोठ्या ताटात किंवा स्वच्छ पंचावर पसरून पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. हात लावला की ओलसर नाही तर किंचित चिकट-कोरड्या लागल्या पाहिजेत. मग एक चमचा तेल चोळा. सकाळी करून फ्रिजमध्ये उघड्या ठेवल्या तर अजून छान. आणि कढईत मावत नाहीत म्हणून मधे तोडू नका, चीनमध्ये वाढदिवसाला लांब नूडल्स दीर्घायुष्यासाठी खातात, कशाला उगाच कुणाचं आयुष्य अर्ध्यावर आणायचं.

आता मांस. पोर्क पुण्यात कॅम्पात, मुंबईत वांद्रे-वसईकडे सहज मिळतं, गोव्यात तर प्रश्नच नाही. दुकानदाराला विंदालूसाठी देतो तसे चरबीवाले चौकोनी तुकडे नको म्हणून सांगा, पाठीचा किंवा मांडीचा लुसलुशीत भाग मागा, थोडीशी चरबी असली तर बरंच. घरी आणल्यावर अर्धा तास फ्रीझरमध्ये टाका. दगड नाही करायचा, फक्त कडक, म्हणजे सुरी सरळ जाते आणि काप पातळ निघतात. आधी साधारण ३ मिलिमीटर जाडीचे काप काढायचे, मग ते एकावर एक ठेवून बटाट्याच्या सळ्या करतो तसे लांब, बोटाएवढे कापायचे. चिनी आचाऱ्यांचा एक नियम आहे, बैलाचं आडवं, डुकराचं तिरकं आणि कोंबडीचं उभं कापावं. म्हणजे मांसाच्या धाग्याच्या संदर्भात. बैलाचे धागे जाड आणि चिवट म्हणून ते तोडायचे, कोंबडीचे इतके नाजूक की आडवे कापले तर परतताना चुरा होतो, आणि डुक्कर दोघांच्या मधे. चिकन वापरणार असाल तर हे लक्षात ठेवा, आणि ब्रेस्टपेक्षा मांडीचं बोनलेस घ्या. बकऱ्याचं मटण या रेसिपीत नको, दोन मिनिटांत ते शिजत नाही आणि आपल्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त द्यायची नाहीत.

काप एका वाडग्यात घेऊन त्यात एक चहाचा चमचा लाइट सोया, एक चमचा शाओशिंग वाइन, चिमूटभर पांढरी मिरपूड आणि एक मोठा चमचा पाणी घाला. हो, पाणी! एवढा वेळ पाण्याच्या नावाने बोटं मोडली पण इथे ते मुद्दाम घालायचंय, कारण हे पाणी कढईत नाही तर मांसात जायला हवं. हाताने एका दिशेने मळत राहा, मिनिटभरात सगळं पाणी मांस पिऊन टाकतं आणि वाडग्याच्या तळाला काही उरत नाही. मग एक चहाचा चमचा कॉर्नफ्लॉवर, पुन्हा मळा, शेवटी एक चमचा तेल. कॉर्नफ्लॉवर गरम तेलात पडल्यावर मांसाभोवती पातळ बुळबुळीत थर धरतो, आतला रस बाहेर सुटत नाही, आणि तेलामुळे काप एकमेकांना चिकटत नाहीत. हॉटेलातलं मांस मऊ कसं आणि आपलं चामडं कसं, त्याचं बरंचसं उत्तर या एका वाडग्यात आहे. वीस मिनिटं मुरू द्या.

शाओशिंग वाइन ही चेच्यांग प्रांतातल्या शाओशिंग गावची तांदळाची वाइन, शांघायपासून फार लांब नाही ते. आपल्याकडे सहज मिळत नाही. ड्राय शेरी असेल तर ती घाला, नसेल तर आलं किसून पिळून त्याचा चमचाभर रस घाला आणि विसरून जा. व्हिनेगर घालू नका, तो पर्याय नाहीये, कितीही लोक सांगोत. अमेरिकेत वगैरे राहणाऱ्यांनी बाटली वाचून घ्या, किराणा दुकानातल्या कुकिंग वाइनमध्ये मीठ घातलेलं असतं, मग सोया कमी करावा लागतो.

पालेभाजी हा या डिशचा जीव आहे आणि घात पण तीच करते. शांघायला जी वापरतात ती फिकट हिरव्या देठाची छोटी बॉक चॉय, आपल्याकडे आता पाकचोय म्हणून बऱ्याच ठिकाणी दिसते. हिच्या देठांच्या बुडाशी माती अडकलेली असते, वरवर धुऊन ती जात नाही, पानं सुटी करून पाण्यात बुडवून दोनदा धुवा. मग देठ आणि पानं वेगळी ठेवा, देठाचे उभे काप करा, पान मोठं असेल तर दोन भाग. आणि मग कोरडं करा! सॅलड स्पिनर असेल तर त्यात, नाहीतर पंचात गुंडाळून अंगणात जाऊन झटका, आमची आजी अंबाडीची भाजी अशीच झटकायची. धुऊन लगेच कढईत टाकलेली भाजी म्हणजे अर्धी वाटी पाणी ओतल्यासारखंच आहे.

पाकचोय नसेल तर काय, तर आपल्या मंडईत पर्याय भरपूर आहेत. पालक शांघायलाही या नूडल्समध्ये घालतात, पण पालक सगळ्यात जास्त पाणी सोडतो, म्हणून त्याला आधी उकळत्या पाण्यात पंधरा सेकंद बुडवून, गार करून, मुठीत घट्ट पिळून घ्या आणि अगदी शेवटी टाका. हिरवा माठ मस्त लागतो, चीनमध्येही माठ खातात, उन्हाळ्यात तर खूपच. लाल माठ चवीला तोच पण नूडल्स गुलाबी होतात, पोरांना आवडेल कदाचित. पावसाळ्यात वसई-पालघरकडे नाळीची भाजी येते ती चीनमधली अत्यंत लाडकी भाजी आहे, पोकळ देठाची, ती मिळाली तर सोडू नका. मोहरीची कोवळी पानं चालतात, किंचित झणका येतो. कोबी पण चालतो, लांब चिरून, पालेभाजीच्या जोडीला. मेथी नको, शेपू तर अजिबात नको, अंबाडी आंबट म्हणून नको.

शिताके असतील तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळा, देठ काढून पातळ चिरा. भिजवलेलं पाणी टाकू नका, त्यातलं एक चमचा सॉसमध्ये जाईल.

सॉस आधीच वाटीत करून ठेवायचा, कारण गॅस चालू झाल्यावर झाकणं उघडायला वेळ नसतो. दीड चहाचा चमचा डार्क सोया, एक मोठा चमचा लाइट सोया, एक चहाचा चमचा साखर, एक चमचा ते मशरूमचं पाणी (नसेल तर साधं). एवढंच, कॉर्नफ्लॉवर नाही, केचप नाही. लाइट सोया पातळ आणि खारट, चवीसाठी. डार्क सोया दाट, थोडा गोडसर, मुख्यतः रंगासाठी. बाटली तिरकी करून बघा, डार्क असेल तर काचेला तपकिरी थर राहतो. पण आपल्याकडच्या काही डार्क लिहिलेल्या बाटल्या भयंकर खारट निघतात, म्हणून आधी थेंबभर जिभेवर घ्या आणि खारट असेल तर लाइट सोया निम्मा करा. मीठ वेगळं लागत नाही. अजिनोमोटो घालायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी चिमूटभर घालते. शांघायमध्येच १९२३ मध्ये वू युनचू नावाच्या रसायनतज्ज्ञाने चीनचं स्वतःचं अजिनोमोटो बनवायचा कारखाना काढला होता, त्यामुळे या डिशमध्ये ते परकं तर नक्कीच नाही.

भांडं. लोखंडी कढई असेल, बुडाला जरा रुंद, तर वॉक विकत घ्यायची काही गरज नाही. खोल निमुळत्या कढईपेक्षा मोठा खोलगट लोखंडी तवा चांगला, कारण पसरायला जागा मिळते आणि वाफ निघून जाते. नॉनस्टिक रिकामं एवढं तापवायचं नसतं, त्याचा लेप खराब होतो, म्हणून ते नको. इंडक्शनवाल्यांनी सपाट बुडाचं लोखंडी पॅन घ्या आणि चार-पाच मिनिटं आधी तापवा. खिडकी उघडा, एग्झॉस्ट लावा, परदेशात असाल तर स्मोक डिटेक्टर कुठे आहे ते आधी बघून ठेवा, धूर होणार आहे.

सगळं हाताशी मांडून ठेवलंय ना? आता प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचं.

कढई कोरडीच, मोठ्या आचेवर, धुराची बारीक रेघ दिसेपर्यंत तापवा. मग एक मोठा चमचा तेल घालून कढई फिरवा आणि लगेच पोर्क पसरून टाका. तापलेली कढई आणि गार तेल, हा क्रम पाळला की मांस चिकटत नाही. टाकल्यावर अर्धा मिनिट हात लावू नका, आपल्याला सारखं ढवळायची खोड असते ती इथे आवरा, खालून रंग धरू दे. मग उलथण्याने मोकळं करा, परता, गुलाबी दिसेनासं झालं की, साधारण दीड-दोन मिनिटांत, ताटलीत काढा.

त्याच कढईत अर्धा चमचा तेल, मशरूम आणि भाजीचे देठ, मिनिटभर. मग पानं, वीस-तीस सेकंद, नुसती मलूल झाली की बाहेर. पाणी सुटलं असेल तर भाजी झाऱ्याने उचला, पाणी कढईतच राहू द्या आणि ते फेकून कढई पुसून घ्या. हॉटेलवाले हे सगळं एकत्रच करतात, भाजी बाहेर काढत बसत नाहीत, पण त्यांची आग वेगळी. आपल्याला ही एक पायरी जास्तीची करावीच लागते आणि खरं सांगायचं तर एवढी एकच केली तरी निम्मा फरक दिसतो.

कढई पुन्हा कडकडीत तापू दे. उरलेलं तेल, पातीचा पांढरा भाग, पाच सेकंद, आणि नूडल्स. पसरवा आणि थांबा. मिनिटभर तशाच, मग पलटा, पुन्हा थांबा. एका हातात उलथणं आणि दुसऱ्या हातात चॉपस्टिक किंवा चिमटा असला तर नूडल्स उचलून मोकळ्या करता येतात, नुसत्या उलथण्याने त्या तुटतात. दोन-तीन मिनिटांत इकडेतिकडे तांबूस डाग दिसायला लागतील आणि भाजक्या पिठाचा वास येईल, गरम पोळी तव्यावर फुगताना येतो तो. तोवर सॉस घालायची घाई नको.

मग सॉस, नूडल्सवर नाही, कढईच्या कडेने, गोल फिरवत. कडेचं लोखंड सगळ्यात मोकळं आणि गरम असतं, तिथे सॉस चर्रकन जळतो आणि तो जो खमंग वास येतो तो नूडल्सच्या मधोमध ओतून कधीच येत नाही. भराभर उचलत मिसळा, पांढरी नूडल एकही दिसता कामा नये. आता मांस, भाजी, पातीचा हिरवा भाग, अर्धा मिनिट, वरून मिरपूड, आवडत असेल तर तिळाच्या तेलाचे दोन थेंब, गॅस बंद. लगेच ताटलीत काढा, कढईत ठेवलंत तर भाजी शिजत राहते.

रंग फिका वाटला तर पुढच्या वेळी डार्क सोया अर्धा चमचा वाढवा, लाइट वाढवू नका, नाहीतर रंग तेवढाच आणि खारटपणा दुप्पट. नूडल्स गोळा होऊन चिकटल्या तर एकतर स्टार्च धुतला गेला नाही किंवा कढई पुरेशी तापली नव्हती. त्यावर पाणी शिंपडून सोडवायचा मोह होतो, त्याऐवजी कडेने चमचाभर तेल सोडा.

खाताना वर थोडं काळं चिनी व्हिनेगर घेतात, चेनच्यांग शहराचं, तेल जरा जड वाटतं ते त्याने कापलं जातं. ते नसेल तर नुसतंच खा, आपलं पांढरं व्हिनेगर फार टोचतं. शाकाहारी करायचं असेल तर मांसाऐवजी घट्ट टोफू वजनाखाली दाबून, पाणी काढून, लांब कापून आधी सोनेरी परतून घ्या आणि शिताके दुप्पट करा, पनीर मात्र सोयाबरोबर मला तरी विचित्र लागतं.

उरल्या तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये नका टाकू, तव्यावर थोड्या तेलात पसरून, न झाकता, खालून कुरकुरीत होईपर्यंत ठेवा. डब्यात द्यायच्या असतील तर ताटात पूर्ण गार होऊ द्या आणि मगच झाकण लावा, गरम भरल्या तर झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी पुन्हा खाली नूडल्सवर टपकतं.